थंड खोलीतली झोळी

हळद काय फक्त पोत्यात राहते? ती भुवयांवर बसते, चहाच्या कपाच्या कडेवर बसते, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर बसते. हिंगोलीहून नरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं हळदीचं केंद्र आहे. हंगामात त्या आवारात पाय ठेवला की माणूस नवरदेवासारखा पिवळा होऊनच बाहेर पडतो. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवतात, वरची साल घासून निघते, कांड्या चकचकीत होतात आणि ती निघालेली साल धूळ होऊन दिवसभर हवेत तरंगत राहते. माणसं तोंडाला रुमाल बांधून निभावून नेतात. कंप्युटरला रुमाल कोण बांधणार?

साधना या केंद्रात कंप्युटर सांभाळायची. वजनकाट्यावर एक, हळदीची प्रत तपासायच्या टेबलावर एक, बिलाच्या खिडकीत एक आणि हिशेबाच्या खोलीत एक, असे जुने डबे तिच्या गळ्यात होते. त्यातला एखादा रोज रुसायचा. ती झाकण उघडायची तर आतल्या पंख्यावर हळदीचा असा थर, की चमच्यानं काढून फोडणीत घालावा. काट्यावरचा ग्यानबा तेवढ्यात रांगेतल्या शेतकऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "मॅडम, याला हळद लागली. आता लगीन हुईस्तोवर हे कामाला हात लावणार न्हाई." सगळे हसायचे. साधनाही हसायची, कारण रडून डबा सुरू होत नसतो.

रडू यायचं ते संध्याकाळी. प्रत्येक डब्यातलं काम त्या डब्यातच राहायचं, म्हणून दिवस कलायला लागला की ती पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची आणि सगळं एका ठिकाणी जुळवत बसायची. काट्यावर शेतकऱ्याचं नाव एक तऱ्हेनं लिहिलेलं, बिलात दुसऱ्या तऱ्हेनं. ते जुळेपर्यंत गावाकडची जीप गेलेली असायची. मग पुढची जीप भरेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. जीपमध्ये कुणा परक्या बाईचं लेकरू रडलं की साधनाच्या छातीत दूध दाटून यायचं आणि ती पदर ओढून खिडकीबाहेर बघत बसायची. घरी पोहोचावं तर रुद्र झोपलेला. ओठाच्या कोपऱ्यात भाताच्या पेजेचा वाळलेला ठिपका.

सासू, चंद्रभागाबाई, कधी टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या नुसतं म्हणायच्या, "वाट पाहून झोपलं बग पोरगं." आणि ताट वाढायला उठायच्या. नवरा, बजरंग, मेंढरं कोंडून यायचा, लेकराच्या उघड्या पायावर पांघरूण ओढायचा आणि काही विचारायचा नाही. घरचे एवढे समजूतदार असल्यावर माणसानं तक्रार कुणाकडं करायची?

साधनानं मनाशी ठरवून टाकलं होतं. हा एक हळदीचा हंगाम. तेवढ्यात दिवस असताना घरी पोहोचायची सोय झाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोडायची. हे तिनं फक्त द्वारकाबाईला सांगितलं. द्वारकाबाई केंद्रात झाडझूड करायची, चहा ठेवायची आणि सगळ्यांच्या घरच्या गोष्टी पोटात ठेवायची. ती कपबशा विसळताविसळता म्हणाली होती, "सोडू नको माय. तू शिकली म्हणून हितं आली. आता लेकरू झालं म्हणून काय शिकलेलं पुसून टाकती का?"

नांदेडला एका प्रशिक्षणात साधनानं ती नवी पद्धत पाहिली होती. टेबलावर डबा नाही, पडद्यामागं चिकटवलेली एक छोटी डबी. तिला थिन क्लायंट म्हणतात. डबीत पंखा नाही, म्हणून धूळ ओढायची भानगड नाही. डबीत काम साठतच नाही. सगळ्यांचं सगळं काम एका बंद, गार खोलीतल्या सर्व्हर नावाच्या मोठ्या मशीनमध्ये. कोणी कुठंही बसावं, आपलं नाव आणि खूण टाकावी, की आपलं काम पडद्यावर हजर. साधनाच्या डोक्यात एकच गोष्ट चमकली होती. सगळं आधीच एका ठिकाणी असेल, तर संध्याकाळी जुळवायला उरेल काय?

केंद्राचे व्यवस्थापक विजयकुमार साहेब माणूस बरे, पण नव्या गोष्टीला आधी उन्हात ठेवून बघणारे. त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि साधनाला समजावून सांगायला लावलं. तिनं सांगितलं, की आधी घरोघरी जातं होतं, ज्याचं त्यानं दळायचं. मग गिरणी आली. डबा आपला, दाणे आपले, दळायचं मात्र एका ठिकाणी. हेही तसंच.

हिशेबाच्या रामप्रसादकाकांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गिरणी बंद पडली की सारा गाव उपाशी बसतो. जातं बंद पडलं तर एकच घर."

बोलणं बराबर होतं. विजयकुमारांनी तेच धरलं. ते म्हणाले, बसवू या, पण जुने डबे गोदामात झाकून ठेवायचे. हंगाम भरात आला आणि गेटवर शेतकरी उभा असताना मशीनपायी काम एकदा जरी थांबलं, तर त्याच दिवशी डबे परत टेबलावर. साधनानं मान डोलावली. या अटीत तिचं काय काय बांधलं गेलं आहे, हे तिथं एकट्या द्वारकाबाईला ठाऊक होतं. तिनं रिकाम्या बशा उचलताना साधनाच्या पाठीवर हात फिरवला.

पूर्वी जिथं बियाणं ठेवायचे ती खोली सर्व्हरला मिळाली. जाड भिंती, एक खिडकी. एसी बसला, त्याचा बाहेरचा डबा मागच्या भिंतीला लागला. साधनानं दारावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: कामाशिवाय कोणीही आत येऊ नये. खाण्यापिण्याची वस्तू आणू नये. रामप्रसादकाकांचा गिरणीचा प्रश्नही ती विसरली नव्हती. प्रत्येक टेबलाच्या खणात कोऱ्या पावत्यांचं एकेक पुस्तक ठेवून तिनं सगळ्यांना सांगितलं, हे आपलं जातं. मोठी मशीन थांबली तर हातानं लिहायचं, नंतर चढवायचं.

सुरुवातीला सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. रामप्रसादकाका तर आपल्या टेबलाशी उभे राहून, घरातलं कोणी गावाला गेल्यासारखं बघत राहिले. त्यांच्या जुन्या डब्यावर दर दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचे थर होते, कडेला विठ्ठलाचं चित्र होतं. ते चित्र त्यांनी नखानं हळूच सोडवून नव्या पडद्याला चिकटवलं. मग एक दिवस त्यांच्या टेबलाची वायर उंदरानं कुरतडली. काका अर्धवट हिशेब सोडून हातावर हात ठेवून बसले. माझं सगळं यात अडकलं, म्हणाले. साधना त्यांना हाताला धरून प्रत तपासायच्या टेबलाशी घेऊन गेली. दुसऱ्याच्या खुर्चीवर ते टेकायलाच तयार नव्हते, नुसतं वाकून त्यांनी नाव टाकलं. तर पडद्यावर त्यांचा तोच हिशेब, तीच ओळ, आणि अर्ध्या राहिलेल्या शब्दापुढं लुकलुकणारी तीच काडी.

काका आधी पडद्याकडं, मग भिंतीपलीकडच्या आपल्या टेबलाकडं बघत राहिले. चष्मा काढून पुसला. "हे तर माझंच हाये," म्हणाले, आणि त्या परक्या खुर्चीवर बसून पुढं लिहायला लागले. त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते डबीचे गुण सांगायला लागले. ग्यानबा म्हणायचा, काकांनी पहिल्यापासून विरोध केला तोही मदत म्हणूनच केला होता.

आणि साधनाला तिची जीप मिळायला लागली. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर असताना ती गावात उतरायची. रुद्र आजीच्या कडेवरून दोन्ही हात पसरून तिच्याकडं झेपावायचा. त्याला पदराखाली घेऊन ओट्यावर बसलं की समोरून मेंढरं परतताना दिसायची. ती मनातल्या मनात नांदेडच्या त्या प्रशिक्षणाचे, त्या डबीचे, विजयकुमार साहेबांचे, उंदराचेसुद्धा आभार मानायची. हे असंच राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

एप्रिल आला. हिंगोलीचा एप्रिल ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. पत्र्याखाली बसलेलं माणूस दुपारपर्यंत शिजून निघतं. साऱ्या केंद्रात गार अशी एकच खोली, आणि ती मशीनची. एक दिवस साधना आत गेली तर सर्व्हरच्या कपाटावर ताकाचा गंज, वर ताटली झाकलेली. ती घाबरून गंज उचलून बाहेर आली. द्वारकामावशीला तिनं समजावलं, की यातला एक थेंब आत सांडला तर सगळ्या केंद्राचं काम वाहून जाईल. द्वारकाबाईनं ऐकून घेतलं, पण तोंड वाकडं केलं. "मशीनला थंडावा, आन् माणसं उन्हात. कलियुग म्हंतात ते हेच आसंल," असं स्वतःशी पुटपुटत ती ताक घेऊन गेली.

त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला लेकीकडं जावं लागलं. घरी लेकराला बघायला कोणी उरलं नाही. बजरंग मेंढरांमागं रानात, तिथं एवढ्याशा पोराला उन्हात कसं न्यायचं? साधना विजयकुमारांना विचारून रुद्रला केंद्रात घेऊन आली. हळद निवडायला येणाऱ्या बायकाही लेकरं आणायच्या, त्यांची लेकरं गोदामाच्या सावलीत पोत्यांवर झोपायची. पण रुद्रच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या फुटल्या होत्या. तो पोत्यावर टेकेना, कडेवर राहीना, दूध ओढेना. नुसतं किरकिरत राहायचा. मध्येच काट्यावरून हाक आली, साधना त्याला मावशीच्या हातात देऊन धावली.

परत आली तर रडणं ऐकू येईना. गोदामात बघितलं, चहाच्या खोलीत बघितलं. मग बियाण्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं दिसलं. आत खिडकीच्या गजापासून समोरच्या भिंतीतल्या जुन्या खुंटीपर्यंत दोरी बांधून द्वारकाबाईनं आपल्या नऊवारीची झोळी केली होती, आणि खाली बसून पायानं तिला झोके देत होती. सर्व्हर घूंऽऽ करत होता. झोळीत रुद्र मुठी उघड्या टाकून झोपला होता. आईच्या पोटात असंच काहीतरी ऐकत झोपला असावा, इतका निवांत.

साधना रागानंच आत आली होती. दारावरचा कागद तिच्याच अक्षरातला. मावशीनं तोंडावर बोट ठेवलं आणि हलकेच म्हणाली, "ताक सांडतंय, माय. लेकरू सांडत न्हाई."

साधनानं झोळीत हात घालून रुद्रच्या पाठीवरून फिरवला. घामोळ्या गार पडल्या होत्या. नियम मोडला जात होता आणि तो मोडून तिच्या लेकराला झोप लागली होती. ती तशीच बाहेर आली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी झोळी तिनं स्वतःच बांधली, कपाटापासून लांब, आणि मावशीला बजावलं की दार उघडं टाकायचं नाही. साहेबांना मात्र सांगितलं नाही. रोज सांगू म्हणायची, आणि रोज काहीतरी निघायचं.

मग तो सोमवार उजाडला. सुट्ट्यांनंतर बाजार उघडलेला. सकाळपासून ट्रॅक्टर, पिकअप, बैलगाड्या. रांग गेटाबाहेर पडून डांबरी रस्त्याला लागली. विजयकुमार साहेब स्वतः रांगेत पाण्याचे जग फिरवत होते. ग्यानबाचा काटा एक गाडी उतरते न उतरते तोच दुसरी चढवून घेत होता, आणि काट्यावर आकडा पडला की बिलाच्या खिडकीत त्याच क्षणी दिसत होता. शेतकऱ्याला काट्यावरून खिडकीशी चालत यायला लागायचा तेवढाच वेळ. साधनाला आतून भरून येत होतं. हे तिनं मांडलेलं होतं, आणि ते चालत होतं.

दुपारी ऊन डोक्यावर असताना रुद्र रडला. भुकेचं रडणं आईला वेगळं कळतं, हे ते नव्हतं. हे घाबरलेलं, चिडलेलं रडणं होतं. मावशी खोलीत नव्हती, निवडणाऱ्या बायकांना चहा द्यायला गेली होती. साधनानं दार ढकललं तर गरम हवेचा लोट तोंडावर आला. एसी गप्प होता. सर्व्हरचे पंखे मात्र जिवाच्या आकांतानं फिरत होते, आणि कपाटावरचा नेहमीचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

तिनं घामानं भिजलेला रुद्र उचलून छातीशी घेतला आणि क्षणभर जागेवरच उभी राहिली. पिवळा म्हणजे मशीन सांगत होती, मला ताप चढतोय. लाल झाला म्हणजे ती आपणहून बंद पडणार, नाहीतर बिघडणार. आताच आपल्या हातानं नीट बंद केली तर मशीन वाचेल, पण काम थांबेल, गेटवर सारी रांग उभी असताना. साहेबांची अट तिच्या कानात वाजत होती. ओट्यावरची ती संध्याकाळ, समोरून येणारी मेंढरं, पसरलेले दोन हात, सगळं त्या एका पिवळ्या दिव्यावर येऊन थांबलं होतं. तिनं ठरवलं. दिवा लाल होताना दिसला तर मशीन आपण बंद करायची. शेतकऱ्यांची वजनं आहेत त्यात. नोकरी गेली तर गेली. पण पिवळा आहे तोवर हातपाय हलवायचे.

ती रुद्रला कडेवर घेऊनच हिशेबाच्या खोलीत गेली. काकांना म्हणाली, काम बंद करून बाहेर पडा, मशीनवरचा भार कमी करायचाय, आणि खणातलं जातं काढा. रामप्रसादकाकांनी का, कशाला विचारलं नाही. पावत्यांचं पुस्तक घेतलं आणि तडक काट्याशी जाऊन ग्यानबाच्या शेजारी बसले. पडद्यावर पडणारं प्रत्येक वजन ते हातानंही उतरवायला लागले. उद्या मशीन थांबलीच, तर रांग थांबायला नको म्हणून.

साधना मागच्या भिंतीकडं धावली, आणि एसीच्या बाहेरच्या डब्यापुढं थबकली. डबा दिसतच नव्हता. त्याला चारी बाजूंनी ओलं बारदान गुंडाळलं होतं, हळदीचंच, सुतळीनं गच्च आवळून. जसं उन्हाळ्यात रांजणाला गुंडाळतात तसं. पाणी अजून ठिबकत होतं.

द्वारकाबाई रिकामी किटली घेऊन तिकडूनच येत होती. साधनाचा चेहरा बघून ती जागेवर थांबली. तिनंच सकाळी गुंडाळलं होतं ते. सुट्टीआधी लेकराच्या कपाळावर घाम दिसला, म्हणून. रांजण गार होतो तर हेही जास्त गार होईल, म्हणून. या डब्याचं काम आतली गरमी बाहेर फेकायचं असतं आणि आपण त्याचं नाक दाबलं, हे तिला साधनाच्या दोन वाक्यांत कळलं. किटली तिच्या हातातून खाली ठेवली गेली. "माझ्यापायी तुझी जागा गेली गं माय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"अजून गेली न्हाई," साधना म्हणाली. घाईत तिच्या तोंडात घरची बोली आली. "मावशी, सुतळी तोडा. अन् बारदान टाकू नका, मला पायजे ते."

कारण ओल्या बारदानाला हात लागला तेव्हा ते गार लागलं होतं. फक्त जागा चुकली होती. दोघींनी मिळून ते सोडवलं, गरम डब्याला मोकळा श्वास दिला, आणि तेच बारदान बियाण्याच्या खोलीच्या खिडकीवर पडद्यासारखं ताणून बांधलं. निवडणाऱ्या बायकांनी गोदामातला मोठा पंखा ओढत आणून खिडकीबाहेर लावला. पंख्याची हवा ओल्या बारदानातून आत जायची, हळदीची धूळ बारदानावरच अडकायची, आणि आतली गरमी समोरच्या उघड्या दारातून बाहेर. द्वारकाबाई तांब्यानं बारदान भिजवत राहिली, मनात कुठल्यातरी देवाचं नाव घेत. साधना दारात, रुद्रला पदराखाली घेऊन, दिव्याकडं डोळे लावून बसली. आता रुद्र दूध ओढायला लागला होता. आईच्या छातीतली धडधड त्याला ऐकू येत असणार, पण पिणं काही त्यानं थांबवलं नाही.

दिवा पिवळाच राहिला. लाल झाला नाही. बाहेरचा डबा हात लावण्याइतका निवला तेव्हा साधनानं एसीचं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग एक कुरकुर झाली, आणि गार हवेची झुळूक तिच्या घामेजल्या मानेवर आली. दिवा हिरवा झाला तेव्हा ती आधी द्वारकाबाईकडं बघून हसली, आणि मग तिला रडू आलं.

तिनं वर बघितलं तर दारात विजयकुमार साहेब उभे. हातात पाण्याचा रिकामा जग. ते कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी खिडकीवरचं पिवळं ओलं बारदान बघितलं, लोंबणारी झोळी बघितली, दारावरचा कागद बघितला.

साधनानं लपवलं नाही. उभी राहून सांगितलं, की नियम मी लिहिला आणि मीच मोडला. तिचं बोलणं पुरं होऊ न देता द्वारकाबाई मध्ये पडली. झोळी तिची, बारदान तिचं, जे काय करायचं ते तिला करा. तेवढ्यात रामप्रसादकाका पावत्यांचं पुस्तक घेऊन आले आणि साहेबांपुढं धरून म्हणाले, की हे भरत होतो, पण लागलं नाही. काटा थांबलाच नाही.

विजयकुमारांनी पुस्तकाची पानं चाळली. मग त्यांनी साधनाला विचारलं, "एसी बंद पडला हे कळलं कसं? इथं तर घंटा न्हाई काही."

साधनानं कडेवरच्या रुद्रकडं बघितलं. तो दूध पिऊन तृप्त, साहेबांच्या शर्टाच्या बटणाकडं हात करत होता.

"यानं सांगितलं," ती म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, ते त्यांनी आवरलं. नियम बराबर आहे, ते म्हणाले. या खोलीत कोणी यायचं नाही, लेकरानंसुद्धा नाही. गरमी वाढली की वाजणारी घंटा उद्याच मागवा. एवढं बोलून ते निघाले, दोन पावलं गेले, आणि वळून म्हणाले, "शेजारची रिकामी खोली झाडून घ्या, मावशी. मधल्या भिंतीला झरोका पाडू, काच बसवू. भिंत गारच राहती. निवडणाऱ्या बायांचीबी लेकरं झोपतील." मग जसं काही आताच आठवल्यासारखं, "अन् साधनाताई, गोदामातले ते जुने डबे कवा उचलताय? हळदीची पोती ठेवायला जागा न्हाई मला."

ते जाईपर्यंत साधनाला त्या वाक्याचा अर्थ पुरता लागला नव्हता. द्वारकाबाईला लागला होता. तिनं ओल्या, पिवळ्या हातानं साधनाच्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. त्या बोटांचे हळदीचे पट्टे साधनाच्या गालावर उमटले, आणि ते पुसावेसे तिला वाटले नाहीत.

त्या संध्याकाळी ती जीपमध्ये बसली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. मांडीवर रुद्र, त्याच्या तळपायाला हळद. ती एकेकाचं नाव मनात आणत गेली. मावशी. काका. ग्यानबा. पंखा ओढणाऱ्या बाया, ज्यांतल्या निम्म्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती आणि आता विचारायची होती. आपण एकटीच ओझं ओढतोय असं तिला किती दिवस वाटत आलं होतं, आणि इतके हात त्याला लागलेले होते.

पुढं शेजारची खोली तयार झाली. झरोक्याच्या काचेतून मशीनचा आवाज बारीक येतो, आणि तीन झोळ्यांतली लेकरं त्यावर डुलतात. पण एक तकलीफ झाली. चंद्रभागाबाई परभणीहून परतल्या, डोळ्याला काळा चष्मा लावून, आणि नातू काही केल्या घरी झोपेना. पाळणा हलवून झाला, अंगाई झाली, बजरंगनं खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घातल्या. रुद्रचे डोळे टक्क उघडे. शेवटी साधनानं हसत सांगितलं, की आत्याबाई, त्याला मशीनचा आवाज लागतो.

"कसा असतो गं त्यो?" सासूनं विचारलं.

साधनानं करून दाखवला. चंद्रभागाबाईंनी लेकराला मांडीवर आडवं घेतलं, ओठ मिटले आणि घशातून तसाच घूंऽऽ सुरू केला, एका सुरात, न थांबता. रुद्रनं एकदा आजीच्या काळ्या चष्म्याकडं पाहिलं. मग त्याच्या मुठी हळूहळू उघडल्या.